नियमशास्त्र वाचायचं तर धुऱ्यापासून सुरुवात करा

दरवर्षी जानेवारीत आमच्या मंडळीतलं कोणीतरी ठरवतं, यंदा बायबल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचंच. उत्पत्ती झपाट्यानं होतं, त्यात गोष्टी आहेत. निर्गमही अर्ध्यापर्यंत चांगलं चालतं. समुद्र दुभंगतो, डोंगर धुमसतो. मग निवासमंडपाचे पडदे, कड्या आणि खुंट्या सुरू होतात. लेवीयात चरबी आणि गुरदे आले की पुस्तक कपाटात जातं ते नाताळच्या साफसफाईतच बाहेर निघतं. मी स्वतः तीनदा लेवीयात रुतले आहे, आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात बंडी रुतते तशी.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची, आता निवृत्त आहे. चार एकर कोरडवाहू आहे, त्यात कपाशी आणि तूर. दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या ओसरीवर दहा-बारा जण वाचायला बसतात. बहुतेक बाया, त्यातल्या निम्म्या मजुरीला जाणाऱ्या. दोन म्हातारे, कृषीची पदवी घेऊन गावी परतलेला एक पोरगा, आणि शेजारच्या काकू. काकू आमच्या चर्चच्या नाहीत, पण चहाला येतात आणि उठत नाहीत. अशा बैठकीत मोशेचं नियमशास्त्र कसं वाचावं, हे मला अकरा वर्षांत चुकत चुकत कळलं. तेवढंच इथे सांगते.

आधी नावाचा घोळ मिटवा. हिब्रू शब्द आहे तोरा, त्याचा अर्थ शिकवण. ग्रीकमध्ये तो ‘नोमोस’ झाला, म्हणजे कायदा, आणि आपल्याकडे नियमशास्त्र. शिकवण म्हटलं की आई-बाप आठवतात आणि कायदा म्हटलं की तहसील, हा फरक पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून टाका. तोरा म्हणजे बायबलची पहिली पाच पुस्तकं. पाचव्याचं नाव ‘अनुवाद’, त्यावर दर वेळी कोणीतरी विचारतंच की हे भाषांतर आहे का. नाही. मोशेनं मरणाआधी नियम पुन्हा एकदा सांगितले, म्हणून अनुवाद. यहुदी परंपरेत या पाच पुस्तकांतल्या आज्ञा ६१३ मोजतात : ‘कर’ म्हणणाऱ्या २४८ आणि ‘करू नको’ म्हणणाऱ्या ३६५. शिवाय या लेखी तोरेसोबत तोंडी चालत आलेली तोरा आहे. ती इसवी सन २००च्या सुमारास ‘मिश्ना’ म्हणून संकलित झाली, आणि मिश्नावरच्या पुढच्या चर्चेतून तालमूद उभा राहिला. सुरुवातीला एवढं पुरे. ६१३ची यादी वाचून दाखवायच्या फंदात पडू नका, मी पडले होते, ओसरी रिकामी झाली.

आता कुठून सुरू करायचं? लेवीय १ पासून नाही. अनुवादाचे १९ ते २५ हे अध्याय काढा आणि त्यातला शेताचा भाग आधी घ्या. एकोणिसाव्यात चौदावं वचन आहे : पूर्वजांनी ठरवलेली शेजाऱ्याची सीमा सरकवू नको. हे वाचलं आणि बैठकीत एकदम शांतता पसरली. कारण त्या दिवशी बसलेल्यांत दोन घरं अशी होती की ज्यांचा एकमेकांशी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, वाद चालू होता. धुरा कोरणं म्हणजे काय हे विदर्भात कोणाला शिकवावं लागत नाही. दर वखरणीला एक वीतभर आत घ्यायचं, दहा वर्षांत एक तास, म्हणजे पिकाची एक ओळ, आपली. तीन हजार वर्षांपूर्वीच्या कनान देशातही हेच करत होते, ही गोष्ट ऐकली की नियमशास्त्र परकं राहत नाही.

मग बाविसाव्यातलं घर : नवीन घर बांधलंस तर धाब्याला कठडा कर, कोणी पडून मेलं तर दोष तुझ्या घरावर. चोविसाव्यातलं जातं : जातं किंवा त्याची वरची तळी गहाण घेऊ नको, कारण ते माणसाचं जगणंच गहाण घेणं आहे. निर्गमातला मारका बैल : बैल मारका आहे हे मालकाला आधी सांगूनही त्यानं बांधला नाही, आणि बैलानं माणूस मारला, तर मालकही दोषी. म्हाताऱ्यांपैकी एकजण यावर म्हणाले, “हे तं आपल्या पंचायतीतलंच झालं.” हो, तसंच आहे ते. बरेचसे नियम असे खटल्यांसारखे लिहिलेले आहेत; ‘असं झालं तर असं करा’. पवित्र ग्रंथात बैल कशाला, असं कोणाला वाटलं तर वाटू द्या, वाचत राहा.

वही घ्या आणि प्रत्येक नियमाखाली तीन प्रश्न लिहा. हा नियम कोणाच्या बाजूनं उभा आहे आणि कोणाचा हात धरतो? यहुदी लोकांनी पुढे तो कसा पाळला? येशूनं किंवा प्रेषितांनी, म्हणजे त्यानं पाठवलेल्या पहिल्या शिष्यांनी, तो उचलला का, आणि कुठे नेला? ‘हा आपल्याला लागू आहे का’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी. तो आधी विचारला की उत्तर ‘नाही’ येतं आणि वही बंद होते.

अनुवाद २४ मधलं सरव्याचं, म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेल्याचं, उदाहरण घेऊ. शेतात पेंढी विसरली तर परत आणायला जाऊ नको, जैतुनाच्या फांद्या दुसऱ्यांदा झोडपू नको, द्राक्षमळ्याचा सरवा करू नको. ते उपरी, अनाथ आणि विधवा यांचं. लेवीय १९ सांगतं, शेताचे कानेकोपरे कापू नको. पहिला प्रश्न : कोणाच्या बाजूनं? ज्याला शेत नाही त्याच्या. आणि नीट बघा, मालकानं दान करायचं असं म्हटलेलंच नाही. शेताच्या कोपऱ्यावर त्याचा हक्कच नाही. बायबलमधली परदेशी विधवा रूथ बवाज नावाच्या शेतमालकाच्या शेतात सरवा वेचायला जाते ती भीक मागायला नाही. दुसरा प्रश्न : यहुद्यांनी काय केलं? मिश्नामध्ये यावर ‘पेआ’ म्हणजे ‘कोपरा’ नावाचं आख्खं प्रकरण आहे. तोरेनं माप दिलेलं नाही, पण साठाव्या हिश्शाहून कमी सोडू नये, असं त्यात ठरवलं. कृषीवाल्या पोरानं लगेच मोबाईल काढला. चार एकर म्हणजे १६० गुंठे, त्याचा साठावा हिस्सा पावणेतीन गुंठ्यांच्या जरा आत. “बाई, तुमची धुऱ्याकडची दोन तासं तुरीची गेली,” म्हणाला.

हसले सगळे. मीही हसले, कारण तोवर मी शिकवणारी होते.

पण अनुवाद २४ मध्येच पंधरावं वचन होतं आणि ते मीच मोठ्यानं वाचलं. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत दे. तो गरीब आहे, त्याचा जीव त्यात अडकलेला असतो. आमच्याकडे रीत अशी की कापसाची वेचणी किलोवर मोजायची, वहीत मांडायची आणि पैसे बुधवारी, बाजाराच्या दिवशी द्यायचे. सगळं गाव असंच देतं. समोर बसलेल्या एका बाईनं पदराशी चाळा करत विचारलं, “मंग आमचे पैसे बजारापर्यंत काऊन ठेवता, बाई?” तिचे माझ्याकडे सहा दिवसांचे बाकी होते. मी म्हणाले, आपण नियमशास्त्राखाली नाही, कृपेखाली आहोत. हे प्रेषित पौलाचंच वाक्य आहे, रोमकरांस पत्रातलं, पण त्या संध्याकाळी माझ्या तोंडी ते सावकाराचं झालं. शेजारच्या काकूंनी कप खाली ठेवला आणि काही बोलल्या नाहीत. मी तिसरा प्रश्न विचारायचा टाळला होता. विचारला असता तर याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय निघाला असता. तिथे लिहिलंय की तुमची शेतं कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे. म्हणजे प्रेषितांनी हा नियम सोडला नव्हता, उलट त्याला बोलतं केलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी संध्याकाळी मोजमाप झालं की तिथेच पैसे देते. सुट्ट्यांची अडचण होते. ती होऊ द्यायची.

आता उलटं उदाहरण घ्या, जिथे नियम दुसरीकडेच नेलेला दिसतो. अनुवाद २५:४ : मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नको. आमच्या पोरांनी बैलांची मळणी पाहिलेली नाही, थ्रेशर आला. पण डवरणीला, उभ्या पिकाच्या ओळींमधून औत फिरवताना, बैलांना मुसकी बांधतात हे माहीत आहे, नाहीतर बैल चालता चालता कपाशीचे शेंडे खातो. मग डवरणीला चालतं आणि मळणीला का नाही? यावर अर्धा तास गेला आणि तो सगळ्यात चांगला अर्धा तास होता. शेवटी एक म्हातारे बोलले : डवरणीला तोंड घातलं तर पीकच जातं, मळणीला दाणा तयार आहे, आणि तो त्याच्याच पायाखाली आहे. यहुदी परंपरेत हा नियम बैलापुरता राहिला नाही. काम करणाऱ्या सगळ्या जनावरांना तो लावला, आणि मजुरानंही ज्या पिकात काम करतो त्यातलं काम करताना खावं, अशी सूट मिश्नानं तपशिलात मांडली. पौल करिंथकरांस पहिल्या पत्रात, नवव्या अध्यायात हेच वचन घेतो आणि विचारतो, देवाला काय बैलांची काळजी आहे? त्याला म्हणायचं होतं की सुवार्ता सांगणाऱ्याला पोट भरायचा हक्क आहे. माझं पौलाशी इथे जमत नाही. देवाला बैलांची काळजी आहेच. शब्बाथाच्या, म्हणजे सातव्या दिवशी काम थांबवण्याच्या, आज्ञेत बैल आणि गाढवाला विसावा मिळावा म्हणून स्पष्ट लिहिलेलं आहे. पौल बैलावरून माणसावर गेला ते ठीक, पण जाताना बैलाला जरा वाटेत सोडलं. असं बैठकीत बोलायला घाबरू नका. पौलही नियमशास्त्राशी भांडतच वाचत होता.

शब्बाथ समजवायला मी पोळा वापरते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदे शेकून बैलाला म्हणतो, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.’ पोळ्याला त्याच्या मानेवर जू ठेवत नाही. आता कल्पना करा, हे वर्षातून एकदा नाही, दर सात दिवसांनी, आणि बैलासोबत सालगड्याला, मोलकरणीला आणि परगावच्या माणसालाही. निर्गम २० मध्ये शब्बाथाचं कारण दिलंय की देवानं सहा दिवसांत सृष्टी करून सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवाद ५ मध्ये तीच आज्ञा आहे, पण कारण वेगळं : तू मिसरात गुलाम होतास हे आठव. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. गुलामाला सुट्टी नसते, हे ज्यानं सोसलं त्याला दुसरं कारण लवकर कळतं. आणि हे फक्त पुस्तकातलं नाही. आपल्याच महाराष्ट्रात, कोकणात बेने इस्राएल हे यहुदी लोक तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी, म्हणजे शब्बाथाला, घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणायचे.

मार्क २ इथेच वाचा. येशूचे शिष्य शेतातून जाताना कणसं मोडतात आणि परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा एक यहुदी पंथ, हरकत घेतात. आमच्याकडे सगळ्यांना वाटायचं की हरकत चोरीची आहे. नाही. शेजाऱ्याच्या पिकातली कणसं हातानं तोडायला अनुवाद २३:२५ मध्ये मोकळीक आहे, फक्त विळा लावायचा नाही. (आपल्याकडेही वाटसरूनं हरभऱ्याचे चार डहाळे उपटले तर कोणी बोलत नाही, भारा बांधला की बोलतो.) हरकत होती शब्बाथाची, कारण कापणी हे काम. मिश्नानं शब्बाथाला वर्ज्य अशी ३९ मुख्य कामं मोजली, त्यांत कापणी आहे. येशू म्हणतो, शब्बाथ माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नाही. इथे थांबून एक गोष्ट नक्की सांगा : जीव धोक्यात असेल तर शब्बाथ बाजूला ठेवायचा, हे यहुदी शास्त्र्यांनीही सांगितलं आहे, मिश्नात आहे. वाद शब्बाथ हवा की नको हा नव्हता. तो कसा पाळायचा यावर घरातल्या घरात चाललेला वाद होता, भावकीतला. येशू यहुदी होता, त्याच्या वस्त्राला नियमशास्त्रात सांगितलेले गोंडे होते, आणि बऱ्या केलेल्या कुष्ठरोग्याला त्यानं सांगितलं की जा, याजकाला दाखव आणि मोशेनं नेमलेलं अर्पण कर. म्हणून ‘परूशी’ ही शिवी म्हणून वापरणाऱ्याला मी बैठकीत थांबवते.

येशूचं डोंगरावरचं प्रवचन वाचताना हीच चूक होते. ‘डोळ्याबद्दल डोळा’ म्हणजे जुनं क्रूर, आणि ‘दुसरा गाल पुढे कर’ म्हणजे नवं प्रेमळ, असं मीही वर्षानुवर्षं सांगत आले. पण डोळ्याबद्दल डोळा ही मर्यादा आहे, एका डोळ्यासाठी आख्खं घर जाळू नको. आणि मिश्नात तर दुखापतीची भरपाई पैशात ठरली आहे, पाच बाबींची : अंगाचं नुकसान, वेदना, औषधपाणी, बुडालेला रोजगार आणि झालेली बेअब्रू. आमच्या गावातल्या तंट्यात पाचवी बाब कोणी मोजत नाही, खरा राग तिचाच असतो. येशू यापुढे जातो. तो कोर्टाला नाही, ज्याला लागलं त्यालाच सांगतो की तू हक्क सोड. हे ज्याला लागलं त्यालाच सांगता येतं, त्याच्या वतीनं दुसऱ्यानं सांगायचं नाही. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला गालाचं वचन ऐकवणारे लोक मी पाहिले आहेत. मत्तय ५:१७ आधी वाचा, मी रद्द करायला नाही तर पूर्ण करायला आलो, आणि मगच ३८वर या.

लेवीय १५ टाळू नका, पण पूर्ण वाचा. एका मुलीनं विचारलं होतं, ‘त्या’ दिवसांत चर्चमध्ये बसू का. तिला कोणीतरी एकोणिसावं वचन दाखवलं होतं, सात दिवस अशुद्ध. त्या अध्यायाचा पहिला अर्धा भाग पुरुषांच्या स्रावाबद्दल आहे, तो दाखवणाऱ्यानं उलटला नव्हता. अशुद्ध म्हणजे पापी नव्हे, ती यरुशलेमातल्या मंदिरात जाण्याआधीची अवस्था. आणि ते मंदिर रोमनांनी इसवी सन ७० मध्ये पाडलं. बळी तेव्हाच थांबले. यहुदी प्रार्थना आणि अभ्यासाकडे वळले, ख्रिस्ती लोकांनी इब्रीकरांस पत्र वाचून म्हटलं की ख्रिस्तच शेवटचा बळी. मग मार्क ५ मधली बारा वर्षं रक्तस्राव होणारी बाई वाचली, जिनं गर्दीत येशूच्या वस्त्राला हात लावला आणि तो तिला ‘मुली’ म्हणाला. ती मुलगी पुढच्या रविवारी पहिल्या रांगेत होती.

आता शेवटचा प्रश्न, आपल्याला काय लागू. प्रेषितांची कृत्ये १५ उघडा. इसवी सन ५०च्या आसपास यरुशलेमात बैठक झाली, विषय हाच : यहुदी नसलेल्यांनी येशूवर विश्वास ठेवला तर त्यांनी सुंता आणि मोशेचं सगळं नियमशास्त्र पाळायचं का? पेत्र आणि पौल बोलले, याकोबानं निकाल सुचवला. सुंता नको. चार गोष्टी टाळा : मूर्तींना वाहिलेलं, रक्त, गळा दाबून मारलेलं, आणि जारकर्म. लेवीय १७-१८ मध्ये इस्राएलात राहणाऱ्या परक्यांसाठी जे सांगितलंय त्याच्याशी हे बरंच जुळतं. म्हणजे परक्याला मोकळं सोडलं तेही नियमशास्त्राच्याच आधारानं. पुढे दुसऱ्या शतकात मार्कियोन नावाच्या माणसानं जुना करार फेकूनच द्या म्हटलं, तर रोमच्या मंडळीनं त्यालाच काढलं.

तेराव्या शतकात थॉमस अक्विनास या ख्रिस्ती धर्मपंडितानं नियमांचे तीन भाग व्यवस्थित मांडले : नीतीचे, उपासनेचे आणि न्यायव्यवस्थेचे. पहिले कायमचे, बाकीचे आता बंधन नाहीत. पास्टर हेच शिकवतात आणि सोयीचं आहे, मसाल्याच्या डब्यासारखं. पण लेवीय १९ त्या डब्यात मावत नाही. अठराव्या वचनात ‘शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’, जी येशूनं दोन मोठ्या आज्ञांमध्ये धरली. आणि लगेच एकोणिसाव्यात, शेतात दोन जातींचं बी पेरू नको, दोन धाग्यांचं कापड घालू नको. आम्ही सगळे कपाशीत तूर लावणारे! बैठकीत हलकल्लोळ. दुसरा प्रश्न इथे कामी आला : पिकांचा हा नियम यहुदी परंपरेनं मुख्यतः इस्राएलच्या भूमीपुरता ठेवला, आणि कापडात मनाई फक्त लोकर आणि जवसाच्या धाग्याची, म्हणजे लिननची, कापसाचं नावच नाही. “आपला कापूस सुटला,” काकू म्हणाल्या. त्यांचं मूळ गाव कापूस-पट्ट्यातलंच.

एका गुरुवारी एकच नियम घ्या, फार तर दोन. वाचायला मजुरीवर जाणाऱ्या बाईला बसवा, मालकाला नाही. वचन वेगळं ऐकू येतं. आठच्या आत आटपा, कारण नंतर ज्यांना ओलित आहे त्यांना मोटारीची लाईन बघायला जायचं असतं.

मागच्या हिवाळ्यात कृषीवाल्या पोरानं खरंच धुऱ्याकडची दोन तासं तूर सोडली, स्वतःच्या शेतातली. दोन बाया येऊन शेंगा घेऊन गेल्या, आणि तिसऱ्या दिवशी एका विधवेच्या चार शेळ्या शिरल्या, उरलेलं सगळं साफ. पोरगा तणतणत आला : उपरी, अनाथ, विधवा लिहिलंय, शेळ्या कुठे लिहिल्यात? मजुरीवाली बाई म्हणाली, शेळी विधवेचीच ना, मग दूधही तिचंच. म्हातारे म्हणाले, सरवा हातानं वेचायचा असतो, तोंडानं नाही. पुढच्या गुरुवारी अनुवाद २४ परत उघडायचा आहे. तुरीच्या शेंगा उकडायला ठेवते, ज्यांना यायचं त्यांनी साडेसहापर्यंत या.